टोकियो : अल्पायुषी घरांचे दीर्घायुषी नगर

जगातील सर्वांत मोठे शहर कोणते, हा प्रश्न वरवर पाहता शाळकरी मुलांच्या सामान्यज्ञानाच्या परीक्षेत शोभणारा आहे. परंतु त्याचे उत्तर देताना भल्याभल्या लोकसंख्याशास्त्रज्ञांची तारांबळ उडते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात सुमारे ३ कोटी ७० लाख वस्तीचे टोकियो पहिले होते. त्याच संस्थेने २०२५ च्या अहवालात मोजणीची पद्धत बदलली, सलग दाट वस्ती जेथवर पसरली असेल तेथवर शहर, असा एकच दंडक सर्व देशांना लावला, आणि जवळजवळ ४ कोटी २० लाखांचे जकार्ता पहिल्या आसनावर येऊन बसले. ढाक्याला दुसरे स्थान मिळाले आणि टोकियो ३ कोटी ३० लाखांवर तिसऱ्या क्रमांकास उतरले. मधल्या सात वर्षांत टोकियोतील चाळीस लाख माणसे काही गाठोडी बांधून निघून गेली नव्हती. मोजणाराची दोरी तेवढी बदलली होती. गमतीची गोष्ट अशी की, कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास ‘टोकियो शहर’ नावाची वस्तू १९४३ पासून अस्तित्वातच नाही. त्या वर्षी युद्धकालीन सरकारने टोकियोची नगरपालिका मोडून ती प्रांतात विलीन केली. आज तेथे तेवीस विशेष प्रभाग आहेत, त्यांच्या पश्चिमेस अनेक लहान नगरे आणि गावे आहेत, आणि ह्या सर्वांवर एक गव्हर्नर आहे. पण नगर म्हणून ज्यावर बोट ठेवावे अशी हद्द नकाशात नाही.

कागदावर हद्द नसलेले आणि गणतीगणिक लहानमोठे होणारे हे शहर मग असते तरी कशात? एखाद्या नगराला आपण प्राचीन म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे दगडविटांची बांधकामे असतात. रोम म्हटले की स्तंभ, कैरो म्हटले की मशिदी, काशी म्हटले की घाट. टोकियोला चारशे वर्षांचा अखंड नागरी इतिहास आहे. तथापि तो पाहावयास आलेल्या प्रवाशाची पहिल्याच दिवशी निराशा होते. शंभर वर्षांपूर्वीची इमारत तेथे मोठ्या प्रयासाने सापडते. विसाव्या शतकात अवघ्या बावीस वर्षांच्या अंतराने ह्या नगराचा फार मोठा भाग दोनदा भस्मसात झाला. आणि असे असूनही दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा नकाशा हाती घेऊन ह्या नगरातून खुशाल हिंडता येते. तसा छंदच तेथील अनेकांना आहे, आणि जुना नि नवा नकाशा एकमेकांवर ठेवून दाखविणारी पुस्तके दुकानांतून मिळतात. रस्त्यांची वळणे, चढउतारांची नावे, देवळांच्या जागा आणि आळ्यांच्या सीमा पुष्कळ ठिकाणी होत्या तशाच आहेत. बांधकाम गेले आणि मांडणी राहिली. हे कसे घडले, हे समजून घ्यावयाचे तर स्थापत्यशास्त्राचे ग्रंथ थोडे बाजूस सारून त्या समाजाच्या राहणीकडे पाहावे लागते.

ह्या नगराचे मूळ नाव एदो. १४५७ मध्ये ओता दोकान नावाच्या सरदाराने खाडीच्या काठी तेथे एक किल्ला बांधला होता. १५९० मध्ये तोकुगावा इएयासु हा सत्ताधीश तेथे राहावयास आला तेव्हा आसपास दलदल आणि कोळ्यांच्या वस्त्या होत्या. १६०३ मध्ये तो शोगुन झाला आणि देशाचा खरा कारभार एदोहून चालू लागला. सम्राट मात्र नावापुरता क्योतोत राहिला. कांदा नावाची टेकडी खणून तिच्या मातीने समुद्राचा एक फाटा बुजविण्यात आला. मुंबईच्या भरणीची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे प्रकरण परके वाटणार नाही.

परंतु एदोला महानगर बनविले ते मातीच्या भरावाने नव्हे, एका राजकीय युक्तीने. १६३५ मध्ये शोगुनाने असा नियम घालून दिला की, देशातील प्रत्येक सरदाराने आळीपाळीने एक वर्ष आपल्या जहागिरीत आणि एक वर्ष एदोत राहावे, आणि त्याच्या बायकामुलांनी मात्र कायमचे एदोत राहावे. स्पष्ट शब्दांत सांगावयाचे तर ही ओलीस ठेवण्याची व्यवस्था होती. अडीचशेहून अधिक सरदार, त्यांचे वाडे, त्यांचे सैनिक, कारकून, आचारी, मोतद्दार असा सारा लवाजमा एदोत येऊन राहिला. येताना-जाताना त्यांच्या मिरवणुकी ज्या राजमार्गांनी जात ते पाचही मार्ग निहोन्बाशी ह्या एका पुलापासून निघत. काहीही न पिकविणाऱ्या ह्या लाखो लोकांना खाऊपिऊ घालण्यासाठी आणि त्यांची हौस पुरविण्यासाठी तितकेच व्यापारी, कारागीर आणि मजूर गोळा झाले. १७२१ मध्ये नागरजनांची शिरगणती झाली ती सुमारे पाच लाख भरली. योद्ध्यांची गणती करण्याची प्रथा नव्हती, पण तेही साधारण तितकेच असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे अठराव्या शतकात दहा लाखांच्या घरातील हे नगर जगातील अगदी मोजक्या महानगरांपैकी एक होते.

ह्या दहा लाखांत जमिनीची वाटणी कशी होती, हे पाहण्यासारखे आहे. नगराच्या दोन तृतीयांशांहून अधिक भूमी सरदार आणि योद्ध्यांकडे, उरलेल्यातील मोठा वाटा देवळांकडे आणि मठांकडे, आणि मग जो पाचवा-सहावा हिस्सा उरेल त्यात निम्मी लोकसंख्या. वाडे पश्चिमेकडील उंच टेकड्यांवर, तर व्यापारी-कारागिरांची दाटी पूर्वेकडील सखल, नदीकाठच्या भूमीवर. वरच्या भागास यामानोते म्हणत आणि खालच्या भागास शितामाची म्हणजे खालचे गाव. चारशे वर्षांनंतर आजही टोकियोचा माणूस ह्या दोन शब्दांनी एकमेकाची भाषा, स्वभाव आणि ऐपत ओळखतो.

खालच्या गावातील सामान्य माणूस ज्या घरात राहत असे त्याला नागाया म्हणत. रस्त्याच्या दर्शनी बाजूस दुकाने, त्यांच्यामधून आत जाणारी जेमतेम तीन-चार फुटांची बोळ आणि बोळीच्या दोहो अंगांस ओळीने लाकडी खोल्या. खोलीची ठराविक रुंदी नऊ फूट आणि खोली बारा फूट. एवढ्यात चूल, पाण्याचे पिंप आणि सारे कुटुंब. शेजारच्या खोलीपासून विभागणारी भिंत इतकी पातळ की, भांडण एका घरचे आणि ऐकणारे चार घरचे. बोळीच्या मध्यावर सामाईक विहीर, सामाईक शौचकूप आणि कचऱ्याची पेटी. आपल्याकडील चाळीत वाढलेल्या श्रोत्याला ह्याचे चित्र निराळे रंगवून सांगावयास नको. ही विहीरही खरी विहीर नव्हे. १६५३–५४ मध्ये तामा नदीपासून सुमारे ४३ किलोमीटर लांबीचा कालवा खणून आणलेले पाणी जमिनीखालील लाकडी नळांनी तिच्यात येत असे. शौचकुपातील मैला आसपासच्या खेड्यांतील शेतकरी सोनखत म्हणून पैसे मोजून नेत आणि ते उत्पन्न घरमालकाचा कारभारी पाहणाऱ्या मुकादमाच्या पदरात पडे. हा मुकादम भाडे वसूल करी, भांडणे मिटवी, लग्नाला साक्षी होई आणि भाडेकरूच्या वर्तणुकीबद्दल सरकारला जबाबदारही असे. रात्री आळीचे फाटक बंद होई. राज्यकर्त्यांचा पोलीस फारच थोडा होता. खालच्या गावाची शिस्त ठेवीत होती ती आळी स्वतः.

ह्या लाकडी गर्दीत आग लागणे हा अपवाद नव्हता, ऋतुधर्म होता. हिवाळ्याचे कोरडे वायव्य वारे सुटले की एदोत आगी लागत. आगी आणि भांडणे ही एदोची फुले, अशी तेथे म्हणच आहे. १६५७ च्या मार्चमध्ये लागलेल्या मेइरेकीच्या आगीत तीन दिवसांत निम्म्याहून अधिक नगर जळाले. मृतांचा पारंपरिक आकडा लाखापर्यंत जातो. त्यानंतर नऊच वर्षांनी, १६६६ मध्ये, लंडनचे मोठे अग्निकांड झाले. दोन्ही नगरे जवळजवळ एकाच वेळी एकाच प्रश्नापुढे उभी होती. लंडनने दुसऱ्याच वर्षी कायदा केला की, ह्यापुढे घरे विटांची वा दगडांचीच बांधावीत. एदोने मात्र पुन्हा लाकूडच उभारले.

ह्या निवडीचे स्पष्टीकरण देताना परदेशी लेखकांना जपानी मनाच्या क्षणभंगुरतेच्या तत्त्वज्ञानाचा फार मोह पडतो. इसे येथील महामंदिर दर वीस वर्षांनी उतरवून शेजारच्या रिकाम्या जागेवर अगदी तसेच नवे बांधतात. २०१३ मध्ये हा विधी बासष्टाव्यांदा झाला. ज्या समाजात देवाचे घरसुद्धा असे नवे होते तेथे माणसाच्या घराचा मोह कोण धरील, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असे नाही. वस्तू टिकवावयाची नसून ती पुनः घडविण्याची रीत टिकवावयाची, हा विचार त्या संस्कृतीत खोल रुजलेला आहे खरा. परंतु बोळीतील सुतार काही तत्त्वज्ञान म्हणून लाकडाच्या खोलीत राहत नव्हता. भूकंपाच्या देशात जड भिंत म्हणजे मृत्यू होता. दमट उन्हाळ्यात वारा खेळणारे लाकडी घर सुखाचे होते. आणि जे घर काही वर्षांत जळणारच, त्यावर घरमालक चार पैसे जास्त कशाला घालील, हा हिशेब तर कोणत्याही देशातील घरमालकाला समजण्याजोगा आहे. धनिक व्यापारी मात्र मातीच्या जाड भिंतींची कोठारे बांधीत आणि आग दिसताच माल आत ढकलून दारे मातीने लिंपून टाकीत. कोठार वाचे आणि बोळ जळे. संस्कृतीचे गुणगान करताना हा भेद दृष्टीआड होऊ नये.

आगीनंतर एदोने केले ते एवढेच की, दगड न वापरता पोकळी वापरली. काही ठिकाणी घरे हटवून रुंद पटांगणे मोकळी ठेवली, सुमिदा नदीवर रियोगोकुचा पूल बांधला आणि अनाम मृतांसाठी एकोइन हे मंदिर उभारले. विशेष म्हणजे किल्ल्याचा जो उत्तुंग मध्यवर्ती मनोरा आगीत पडला तो पुन्हा बांधला गेला नाही. नगर राखेत असताना त्यावर खर्च नको, हा सल्ला होशिना मासायुकी ह्या शोगुनाच्या आप्ताने दिला, असे सांगतात. त्या मनोऱ्याचा दगडी चौथरा आज राजवाड्याच्या उद्यानात रिकामाच उभा आहे. १७१८ नंतर आळ्याआळ्यांची अग्निपथके संघटित झाली. ह्या पथकांत भरणा असे तो परांची बांधणाऱ्या कामगारांचा, आणि त्यांची मुख्य हत्यारे पाण्याचे बंब नसून लांब दांड्यांचे आकडे होती. वाऱ्याच्या दिशेची घरे आधीच ओढून पाडावयाची, म्हणजे आगीला खाद्य उरत नाही. घर पाडून आळी वाचवावयाची, ह्यावर कोणी तक्रार करीत नसे. कारण घर पुन्हा उभे राहते हे सर्वांना ठाऊक होते.

१८६८ मध्ये शोगुनशाही संपली, सम्राट एदोच्या किल्ल्यात राहावयास आला आणि नगराचे नाव टोकियो, म्हणजे पूर्वेची राजधानी, असे झाले. सरदार निघून गेले आणि त्यांच्या प्रचंड वाड्यांच्या जागा मोकळ्या पडल्या. नव्या राज्याला मंत्रालये, वकिलाती, छावण्या, विद्यापीठे ह्यांसाठी जमीन हवी होती. ती आयतीच मिळाली. टोकियो विद्यापीठ कागा प्रांताच्या मायेदा सरदारांच्या वाड्यात बसले आणि १८२७ मध्ये बांधलेला त्यांचा तांबडा दरवाजा आजही विद्यापीठाची खूण आहे. पॅरिसमध्ये त्याच सुमारास जुन्या वस्त्या फोडून रुंद राजमार्ग काढले जात होते. टोकियोत ती पाडापाड बरीच टळली, कारण नव्या संस्था जुन्या कुंपणांच्या आत मावल्या. १८७२ च्या आगीनंतर गिन्झा भागात सरकारने टॉमस वॉटर्स ह्या आयरिश अभियंत्याकडून विटांची वस्ती बांधून घेतली. लोकांनी ती कौतुकाने पाहिली. राहावयास मात्र फारसे कोणी तयार होईना. घरे ओलसर, हवा खेळेना, आणि किंमत परवडेना. जी विटांची वस्ती टिकली ती १ सप्टेंबर १९२३ पर्यंत.

त्या दिवशी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. टोकियो आणि योकोहामा परिसरात सुमारे १ लाख ५ हजार माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यांतील बहुतेक आगीने. सुमिदा नदीच्या पूर्वेस सैन्याच्या कपड्यांच्या जुन्या कोठाराचे मोकळे मैदान होते. तेथे हजारो लोक आपापल्या घरच्या गाद्या आणि सामानासह आश्रयाला आले. त्या सामानानेच पेट घेतला आणि त्या एका मैदानात सुमारे ३८ हजार माणसे गेली.

आणि मग आळीचे दुसरे रूप दिसले. कोरियन लोक विहिरींत विष टाकीत आहेत, आगी लावीत आहेत, अशी अफवा पसरली. कोरिया त्या वेळी जपानच्या ताब्यात होता आणि तेथून आलेले हजारो मजूर ह्याच सखल वस्त्यांतून राहत होते. आळ्याआळ्यांतून रक्षक पथके निघाली. ज्या तरुणांना आग विझविण्याचे वळण होते त्यांच्याच हाती आकडे, काठ्या आणि तलवारी होत्या. नाक्यावर माणसाला अडवून काही विशिष्ट जपानी शब्द उच्चारावयास लावीत, आणि उच्चार चुकला तर त्याचा जीव घेत. काही ठिकाणी पोलीस आणि सैनिकही ह्यात सामील होते. काही हजार कोरियन, त्यांच्याबरोबर कित्येक चिनी आणि चुकून परके ठरलेले जपानीही मारले गेले. हे केले ते बाहेरून आलेल्या गुंडांनी नव्हे. विहीर, फाटक आणि पहारा सामाईक असलेल्या सभ्य शेजाऱ्यांनी केले. जी एकजूट बोळीला आगीतून वाचवीत होती तिला बोळीत कोण आपला आणि कोण परका हे ठरविण्याचाही अधिकार होता. त्या मैदानाजवळ आज उद्यान आहे, आणि मारल्या गेलेल्या कोरियनांच्या स्मरणार्थ १९७३ मध्ये तेथे एक शिळा उभारण्यात आली. दर वर्षी १ सप्टेंबरला टोकियोचे गव्हर्नर तेथील सभेस शोकसंदेश पाठवीत असत. २०१७ पासून गव्हर्नर कोइके युरिको ह्यांनी तो पाठविणे बंद केले. सर्व मृतांना एकत्रित श्रद्धांजली वाहिली जाते, असे त्याचे कारण देण्यात येते. आगीत मेलेला आणि शेजाऱ्याच्या हातून मेलेला ह्यांना एकाच वाक्यात बसविता येते काय, हा तेथील वाद अद्याप मिटलेला नाही.

भूकंपानंतर पुनर्रचनेची सूत्रे गोतो शिम्पेइ ह्यांच्याकडे आली. ते टोकियोचे माजी महापौर होते आणि त्यांची योजना एवढी भव्य होती की, संसदेने तिच्या खर्चाला कात्री लावली. तरीही जे झाले ते थोडे नव्हते. प्रत्येक जमीनमालकाने आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा रस्त्यांसाठी विनामोबदला सोडावा आणि उरलेली जमीन त्याच आळीत सरळ आकारात परत घ्यावी, अशी पद्धत राबविली गेली. माणूस आपल्या जागेवरून उखडला गेला नाही, त्याचे कुंपण तेवढे सरकले. सिमेंट-काँक्रीटच्या नव्या प्राथमिक शाळा बांधल्या आणि त्यांतील ५२ शाळांना लागून एकेक छोटे उद्यान ठेवले, म्हणजे आपत्काळी आळीला धावत जाण्यास जागा असावी.

ती सारी तयारी १० मार्च १९४५ च्या रात्री अपुरी पडली. अमेरिकेच्या सुमारे तीनशे बॉम्बफेकी विमानांनी खालच्या गावावर आगीचे बॉम्ब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली आणि सुमारे ४१ चौरस किलोमीटर वस्ती जळाली. लाकडी दाटी जाणून-बुजूनच लक्ष्य केली होती. १९४० पासून सरकारने दहा-दहा घरांचे गट सक्तीने बनविले होते. शिधा वाटणे, दिवे मालविणे, बादल्यांनी आग विझविणे ही कामे त्यांच्याकडे असत आणि एकमेकांवर नजर ठेवणे हेही. पळून न जाता आग विझवा, अशी त्यांना शिकवण होती. ती ज्यांनी प्रामाणिकपणे पाळली त्यांतील पुष्कळ जण वाचले नाहीत.

युद्धानंतर नव्या टोकियोचा आराखडा पुन्हा तयार झाला आणि पैशाअभावी पुन्हा बराचसा कागदावर राहिला. आराखडा कपाटात असताना लोक मात्र परतले. पत्र्याचे तुकडे, जळकी लाकडे गोळा करून आपल्याच जुन्या जागेवर, आपल्याच बोळीत त्यांनी निवारे बांधले. आज टोकियोच्या नकाशात दिसणारी नागमोडी गुंतागुंत ही बरीचशी ह्या परतण्याची खूण आहे. १९५० च्या कायद्याने रस्ता निदान चार मीटरचा असावा असे ठरले. पण जुन्या अरुंद गल्ल्या सरसकट पाडल्या नाहीत. ज्याचे घर नव्याने बांधावयाचे असेल त्याने त्या वेळी गल्लीच्या मध्यरेषेपासून दोन मीटर मागे सरावे, एवढेच बंधन. लाकडी घराचे करआकारणीसाठी धरलेले आयुष्य २२ वर्षांचे. घराची किंमत दर वर्षी उतरते आणि जमिनीची राहते. त्यामुळे गल्ली घरागणिक, पिढीगणिक, दात पडून नवे यावेत तशी हळूहळू रुंदावत जाते. पत्त्यांची तऱ्हाही ह्याच वृत्तीची. बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. पत्त्यात आधी प्रभाग, मग आळी, मग गटाचा क्रमांक आणि शेवटी घराचा. १९६२ च्या कायद्यापूर्वी तर शेजारी-शेजारी घरांचे क्रमांकही ओळीने नसत. रस्ता ही नुसती जाण्याची वाट. पत्ता असतो तो वस्तीचा.

ह्या वस्त्यांची कोट्यवधींची माळ ओवली ती रेल्वेने. खाजगी कंपन्या नगराबाहेरील शेते विकत घेत, रूळ टाकीत, भूखंड विकीत आणि मार्गाच्या नगराकडील टोकाशी आपलेच मोठे दुकान उघडीत. शिबुसावा एइइची ह्या उद्योगपतींनी १९१८ मध्ये अशा वसाहतीसाठी कंपनी काढली होती. भूकंपाने होरपळलेल्या मध्यमवर्गाने पश्चिमेची वाट धरली आणि हा धंदा भरभराटीस आला. १९२५ मध्ये यामानोते मार्गाचे ३४.५ किलोमीटरचे वर्तुळ पुरे झाले. त्यावरील शिन्जुकू स्टेशनातून आज दररोज तीस लाखांच्या आसपास लोक ये-जा करतात. तरीही गाडीतून उतरून घरी पायी जाणारा माणूस दहा मिनिटांत एखाद्या खेड्यासारख्या गल्लीत शिरतो : दाराशी कुंड्या, कोपऱ्यावर भाजीवाला, आणि सणाच्या दिवशी आळीची देवाची पालखी खांद्यावर. महानगर म्हणून जे दिसते ते अशा खेड्यांचे आहे. १९६४ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने ह्या चित्रावर बराच काँक्रीटचा शिडकावा झाला. जेथून पाच राजमार्ग निघत त्या निहोन्बाशी पुलाच्या डोक्यावरूनच द्रुतमार्ग नेण्यात आला. तो मार्ग भुयारातून वळविण्याचे काम आता चालू आहे.

आगीची भीती अद्याप गेलेली नाही. लाकडी घरांच्या दाट वस्त्या खालच्या गावात आजही आहेत. सुमिदा नदीकाठी शिराहिगे येथे एक किलोमीटरहून अधिक लांबीची, चाळीस मीटर उंच इमारतींची रांग उभी आहे. ती राहण्यासाठी आहेच, पण तिचा मुख्य हेतू भिंतीचा. आळ्या पेटल्या तर पोलादी झडपा लावून ती बंद करावयाची आणि लोकांनी तिच्यापलीकडील नदीकाठच्या मैदानात जावयाचे. मुकोजिमाच्या आळीकरांनी मात्र १९८० च्या दशकात आपल्या परीने निराळा उपाय शोधला. गल्लीतील घरांच्या छपरांवरील पावसाचे पाणी जमिनीखालील टाकीत साठविले आणि वर एक हातपंप बसविला. एरवी त्यावर कुंड्यांना पाणी घालतात. हातपंपाभोवती जमणाऱ्या मंडळींत आता केस पिकलेलीच अधिक. २०२३ मध्ये टोकियोत दर स्त्रीमागे सरासरी अपत्यांचा दर ०.९९ इतका खाली आला, आणि त्याच वर्षीच्या पाहणीत सबंध जपानात ९० लाख घरे रिकामी आढळली. घर पुन्हा बांधणारा वारसच नसेल, तर घर पुन्हा उभे राहते हा चारशे वर्षांचा हिशेब चुकतो.

उणीव थोडीबहुत भरून काढीत आहेत ते बाहेरून आलेले लोक. सखल पूर्वेच्या अगदी टोकाला एदोगावा प्रभाग आहे. २००० सालाच्या आगेमागे भारतातून संगणक-अभियंते तेथील निशी-कासाई भागात राहावयास आले आणि आज टोकियोतील भारतीयांची सर्वांत मोठी वस्ती ह्याच प्रभागात आहे. मराठी कुटुंबेही तीत आहेत. एप्रिल २०१९ मध्ये ह्या प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. पुढच्याच महिन्यात प्रभागाने पुराच्या धोक्याचा नवा नकाशा घरोघरी वाटला. भरतीच्या वेळी प्रभागाची सुमारे सत्तर टक्के भूमी समुद्रपातळीच्या खाली असते. नकाशाच्या मुखपृष्ठावर त्या सबंध भागासाठी एकच सूचना होती : येथे थांबू नका. सरकारी कागदावर असे स्पष्ट बोलणे तेथे विरळाच. वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हागिबिस वादळ आले तेव्हा प्रभागातील शाळा आश्रयासाठी उघडाव्या लागल्या. अशा वेळी भोंग्यावरून निघालेली सूचना जपानी भाषेत असते, आणि ती न कळणाऱ्याचे दार ठोठावावे लागते ते शेजाऱ्यालाच.